कोणतं औषध

रामराव आला तेव्हा सकाळची गर्दी ओसरत आली होती. डॉ. दीपा मुनेश्वर हात धुऊन चहाला उठणार, तेवढ्यात तो दारात येऊन उभा राहिला. घाटंजीकडच्या एका खेड्यातला हा माणूस दर महिन्याला आपल्या विधवा बहिणीला, सत्यभामाला, घेऊन यायचा. ती आत तपासून घ्यायची आणि तो बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचा. आज तो एकटाच होता. त्यानं पिशवीतून गोळ्यांची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ह्या वापस घ्या बाई. दुसऱ्या कोणाच्या कामी येतीन."

"सत्यभामाबाई कुठं आहेत?"

"गेली न ते." रामराव डबीकडे पाहत म्हणाला. "औषध घेतलं तिनं."

दोन हजार सहा सालचा पाऊसकाळ सरत आला होता. कपाशी कमरेला लागली होती आणि जिल्हाभर फवारणीचा जोर होता. फवाऱ्याच्या विषालाही इकडे औषधच म्हणतात. त्या वर्षांत कोणी 'औषध घेतलं' म्हटलं की ऐकणारा मान खाली घालायचा आणि पुढं काही विचारायचा नाही. रोजच्या पेपरात आतल्या पानावर अशी एखादी तरी बातमी असायचीच.

दीपाच्या तोंडून मात्र निघून गेलं, "कोणतं औषध?"

रामरावनं नवलानं वर पाहिलं. "आता कोणतं म्हणून सांगू? फवाऱ्याचंच असंन. डबा काही भेटला नाही. पण कितीक दिवसांपासून उलट्या करून राह्यली होती. पोट दुखते म्हणे. आखरी आखरी त अशी धापा टाके, जशी काही वावरातून पळतच आली. लोकं म्हणतात, थोडं थोडं घेत असंन."

"तोंडाला फेस आला होता?"

"नाही बा. जीभ कोरडी ठण्ण. सारखं पाणी मांगे." त्यानं डबी टेबलावर आणखी पुढं सरकवली. "घरात बोलाचाली झालती, बाई. माह्यी बायको बोलली तिले, ताटवाटी येगळी ठेव म्हणून. आता सारं गाव बायकोच्या नावानं बोटं मोडते. माह्यी माय त तिच्या हातचं पाणीबी पेत नाही."

दीपाला काहीतरी बोलायला हवं होतं. "फार वाईट झालं," एवढंच ती म्हणाली. रामरावनं हात जोडले आणि तो गेला.

तो गेल्यावर तिनं डबी हातात घेतली. झाकणावर तिनंच लाल शाईनं चाळीस असा आकडा काढलेला होता. तिनं डबी कपाटात मागे सारली, कपाटाला कुलूप लावलं आणि चहा न घेताच खुर्चीत बसून राहिली.

दीपा मूळची नेरची. वडील एस.टी.त वाहक. त्यांच्या वस्तीतून डॉक्टर झालेली ती पहिलीच मुलगी. निकाल लागला तेव्हा विहारात खीर वाटली होती, आणि शेजारच्या वच्छलाबाईंनी तर स्वतःच्याच पोरीचा निकाल लागल्यासारखी घरोघरी जाऊन बातमी सांगितली होती. पुढं नागपूरला शिकताना, नव्वदीच्या दशकात, तिला वॉर्डच्या टोकाच्या खाटा मिळाल्या. तिथं एड्सचे रोगी ठेवलेले असायचे. दुसरं कोणी तिकडे फिरकायचं नाही. द्यायला काहीच नव्हतं. तोंडातली पांढरी बुरशी पुसायची, ताप उतरवायचा आणि माणूस रोज थोडा थोडा आटताना बघायचा. तिच्या सरांनी तिला समजावलं होतं की हृदयरोगात जा, तिथं नाव आहे, इथं नुसतं मरण आहे. तिनं ऐकलं नाही. चेन्नईला जाऊन तिनं या रोगाचे उपचार शिकून घेतले आणि यवतमाळला, दारव्हा रोडवरच्या एका धर्मादाय दवाखान्यात रुजू झाली. दवाखाना बापूजींनी उभारलेला. बापूजी पंचाहत्तरीचे, खादीतले, कोणावर आवाज न चढवणारे गृहस्थ होते. पुण्याच्या एका संस्थेच्या मदतीनं तिनं तिथं अभ्यास सुरू केला: खेड्यातल्या, वावरात राबणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या माणसाला ही नवी औषधं कशी मानवतात?

मानवली, आणि अशी मानवली की पहिले काही महिने तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खाटेवर उचलून आणलेली माणसं चालत परत जायला लागली. तिच्या खोलीतला वजनकाटा म्हणजे देवघर झाला होता. बाया त्यावर चढताना चपला काढायच्या, पदर सावरायच्या, आणि आकडा ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. सत्यभामाला रामरावनं आणलं तेव्हा तिला त्यानं एकट्यानं उचललं होतं, लहान लेकरासारखं. वर्ष-दीड वर्षात ती अशी भरली की जुन्या चोळ्या होईनात.

त्या औषधांत स्टॅव्हुडिन नावाचं एक औषध होतं. नियम छापील होता: वजन साठ किलोच्या आत असलं तर लहान, तीस मिलिग्रॅमची गोळी, वर गेलं तर मोठी, चाळीसची. सत्यभामा साठ ओलांडून गेली त्या दिवशी दीपानं सगळ्या कर्मचाऱ्यांना पेढे वाटले होते. बाया आपसात अभिमानानं सांगायच्या, मले मोठी गोळी भेटली. पुण्याच्या सभेत दीपानं सत्यभामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, चेहरा झाकून, दाखवले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

या औषधाचा एक दोष तिनं वाचलेला होता. थोड्या जणांच्या रक्तात त्यानं आम्ल साचत जातं. आधी थकवा, मग उलट्या, पोटदुखी, आणि शेवटी पळून आल्यासारखी धाप. पण ते सारं परदेशातल्या इस्पितळांतलं होतं. तिथली माणसं जाड, वजनदार. आपल्याकडच्या हाडकुळ्या माणसांत ते कशाला होईल, असं वाचताना तिला वाटलं होतं. त्यात एक गोष्ट मात्र ठळक लिहिलेली होती: बायकांत जास्त, आणि वजन भरलेल्या बायकांत आणखी जास्त.

पुढचे काही दिवस तिनं ते कागद उघडले नाहीत. सत्यभामानं विषच घेतलं असावं, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि आपल्याला असं वाटतंय, याचीच तिला जास्त भीती वाटत होती. सकाळी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरताना तिची नजर आधी अपघात विभागाच्या दाराकडे जायची. तिथं बैलगाडी किंवा ऑटो उभा दिसला की कोणाला आणलंय ते ती आधी पाहून यायची. वजनकाट्यावर एखादी बाई चढली आणि आकडा साठच्या जवळ गेला की पूर्वी ती पाठ थोपटायची. आता ती "बरं, उतरा," एवढंच म्हणायची, आणि बाईचं तोंड उतरायचं.

मग एका दुपारी शिपाई धावत तिला बोलवायला आला. अपघात विभागात नेरकडून एक बाई आणली होती, फवारणीची केस. दीपा जाऊन पाहते तो वच्छलाबाई. त्याच, शेजारच्या. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून परतलेला त्यांचा नवरा वारला, आणि रक्त तपासायचं तर दीपाकडेच, म्हणून त्या हट्टानं इथं आल्या होत्या. त्याही भरल्या होत्या. त्याही मोठ्या गोळीवर होत्या.

त्या खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या आणि मोठमोठे श्वास घेत होत्या. लुगड्याला फवाऱ्याचा उग्र वास येत होता. नवा डॉक्टर अक्षय विषाच्या उताऱ्याचं इंजेक्शन भरून तयार उभा होता.

"अक्षय, थांब."

"मॅडम, काल दिवसभर या फवाऱ्याला पाणी वाहत होत्या. कपड्यांना वास आहे, उलट्या आहेत, धाप आहे. ॲट्रोपिन देतो."

"एक मिनिट थांब म्हटलं ना."

तिनं टॉर्च काढला. फवाऱ्याचं विष अंगात भिनलं की डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, छातीत पाणी वाजतं. वच्छलाबाईंच्या बाहुल्या नेहमीसारख्या होत्या. जीभ वाळून चामड्यासारखी झाली होती. छाती स्वच्छ होती. तरी लुगड्याचा तो वास नाकात जात होता. बाई काल शेतात होती हे खरं होतं. आपण चुकत असलो, हे विषच असलं, आणि उतारा आपणच अडवून धरला असला तर?

"दीपे, मले काय होऊन राह्यलं वं?" वच्छलाबाई दोन श्वासांच्या मधे म्हणाल्या.

"काही नाही मावशी. गोळ्या कधी घेतल्या होत्या?"

"सकाळी घेतल्या. उलटी झाली त पुन्हा घेतल्या. पुन्हा उलटी झाली त पुन्हा. तूच म्हणलं होतं न, एकबी चुकवाची नाही."

दीपानं अक्षयच्या हातातली सिरिंज काढून घेतली.

"ॲट्रोपिन नको. बाहुल्या पाहत राहा, दर थोड्या वेळानं. लहान व्हायला लागल्या तर मला न विचारता दे. सलाइन लाव. आणि हिच्या सगळ्या गोळ्या बंद. एकही द्यायची नाही."

"सगळ्या? मॅडम, तुम्हीच तर..."

"हो. मीच. बंद."

रक्तातलं ते आम्ल मोजायची सोय यवतमाळला नव्हती. अक्षय बर्फाच्या डब्यात नमुना घेऊन दवाखान्याच्या गाडीनं नागपूरला गेला. तो जाऊन फोन येईपर्यंत दीपा त्या खाटेपासून हलली नाही. दर वेळी टॉर्च मारायची आणि बाहुल्या पाहायची. त्या तशाच होत्या. तिला हायसं वाटत नव्हतं. त्या लहान झाल्या असत्या तर वच्छलाबाईंना विष बाधलं असतं, सत्यभामालाही विषच बाधलं असतं, आणि तिच्या गोळ्यांचा काही दोष नसता. टॉर्च लावताना दर वेळी मनाचा एक कोपरा त्या बाहुल्या लहान व्हाव्यात म्हणून वाट पाहत होता. हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती उठून तोंड धुऊन आली.

दिवेलागणीला अक्षयचा फोन आला. आम्ल असायला हवं त्याच्या कितीतरी पट होतं. त्यानं आकडा दोनदा सांगितला. तो काय म्हणतोय हे त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण मग तो म्हणाला, "मॅडम, त्या घाटंजीच्या बाई..."

"हो," दीपा म्हणाली. "तू ये परत. सावकाश ये."

या दुखण्याला उतारा नाही. औषध थांबवायचं, सलाइन द्यायचं, जीवनसत्त्वं द्यायची आणि वाट पाहायची. वच्छलाबाईंचं शरीर ते आम्ल धुऊन काढील किंवा काढणार नाही. पुढचे कितीक दिवस दीपाला जेवण गेलं नाही. आणि खाटेवर वच्छलाबाईंना वेगळीच धास्ती होती.

"गोळी दे न वं, दीपे. एक दिवस चुकली त बिमारी उसळते म्हणे. मी तुह्या पाया पडतो."

"मावशी, आत्ता नाही. थोडे दिवस थांब."

"तू मले मराले टाकलं काय? खरं सांग."

दीपानं त्यांचा हात धरला. खरं सांगायचं तर त्या गोळीनंच हे झालं आहे, असं सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकायची ताकद त्या अंगात तेव्हा नव्हती. ती फक्त म्हणाली, "मी इथंच आहे." वच्छलाबाई तिच्याकडे परक्यासारख्या पाहत राहिल्या.

शेवटी एका सकाळी त्यांनी पातळ वरण मागितलं. धाप उतरली होती. त्या दिवशी दीपा बापूजींच्या खोलीत गेली.

बापूजींनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "तुला खात्री आहे?"

"वच्छलाबाईंची आहे. सत्यभामाची आता कशी होणार? पण माझ्या मनात शंका उरलेली नाही."

"पुण्याला कळवलंस?"

"कळवलं. ते म्हणतात, लेखी पाठवा, आम्ही वर कळवतो. तोवर छापील नियमाप्रमाणेच चालू द्या. बापूजी, मी मोठी गोळी बंद करणार आहे, आजपासून. सगळ्यांना लहान. आणि सगळ्यांना बोलावून का ते सांगणार आहे."

"सांगणार?" बापूजींचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला. "दीपा, गोळी बदल. पण हे गावोगाव गेलं की दवाखान्याच्या गोळीनं बाई मेली, तर उद्या इथं कोण येईल? गोळ्या सोडणाऱ्यांचं काय होतं ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस. मला फार भीती वाटते."

"मलाही वाटते. सांगितलं तर काय होईल याची वाटते, आणि नाही सांगितलं तर काय होईल याचीही. पण बापूजी, ज्यांना काही ठाऊकच नाही, त्या उलटी झाली की पुन्हा गोळी घेतात. मी सांगितलं होतं म्हणून घेतात."

बापूजींनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. मग म्हणाले, "मी त्या दिवशी तुझ्या शेजारी बसेन."

पुढच्या सोमवारी, ज्यांना निरोप गेले होते त्या सगळ्यांना दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये बसवलं. बहुतेक बायाच, थोडे पुरुष. बापूजी म्हटल्याप्रमाणे येऊन बसले. दीपा उभी राहिली. तिनं नाव न घेता सांगितलं की दोन बाया आजारी पडल्या, त्यातली एक वारली. गोळ्यांतल्या एका औषधानं कधी कधी रक्त आंबतं. मोठी गोळी आजपासून बंद. अंगातलं बळ गेल्यासारखं वाटलं, उलट्या लागल्या, पोट दुखलं, धाप लागली, तर दुसरी गोळी न घेता निघून यायचं, सुट्टी असो की सण असो.

एका बाईच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं आणि तिनं ते न पाहताच थोपटलं.

मग रुपीबाई उठली. पुसदकडच्या तांड्यातली ही बाई हातभर बांगड्या घालून यायची आणि कोणाची भीड ठेवायची नाही. "म्हंजे बाई, फवाऱ्याचं औषध अन् तुमचं औषध, दोन्ही सारखेच?"

"नाही. फवाऱ्याचं औषध माणसासाठी नसतंच. हे तुमच्यासाठी आहे. पण यातही जहर आहे, थोडं. ते कोणाला बाधतं हे मला आधी ओळखता येत नाही."

"मंग आमी काय करावं?"

"लहान गोळी घ्या. बिना गोळीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"मले माहीत हाये," रुपीबाई म्हणाली आणि बसली.

तिच्याच तांड्यातला किसनसिंग मात्र उभा राहिला. दर साली ऊसतोडीला जाणारा, कष्टाळू, तारीख कधी न चुकवणारा माणूस. त्यानं खिशातून डबी काढली, बाकावर ठेवली आणि काही न बोलता शेडबाहेर पडला. दीपा त्याच्या मागे गेली.

"किसनसिंगभाऊ, तुमची गोळी आधीपासून लहानच आहे. तुमचं वजन कमी आहे. तुम्हाला धोका फार थोडा आहे."

"तुमी सांगतलं हे बरं केलं, बाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "पण आता माह्या हातून ते तोंडात नाही जाणार."

तिनं त्याला पुष्कळ समजावलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग बसस्टँडकडे चालू लागला.

रामरावच्या गावी जायला दीपाला आणखी काही दिवस लागले. गाडीत बसायची आणि काहीतरी काम निघालं म्हणून उतरायची. शेवटी एका रविवारी ती गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, वेचणी सुरू झाली होती. गावाच्या अलीकडे गाडी थांबवून ती चालत गेली, म्हणजे गाडीवरचं दवाखान्याचं नाव कोणाच्या नजरेला पडू नये. पारावर बसलेली माणसं तिच्याकडे पाहत होती. इथं हे बोललो आणि ते पारापर्यंत गेलं तर आपण या गावातून धड बाहेर पडू का, असं तिला वाटून गेलं.

रामराव ओसरीत बसला होता. आतल्या अंधारात त्याची म्हातारी आई घोंगडीवर पडली होती, भिंतीकडे तोंड करून. बायको चुलीशी होती. ती उठून पदर सावरून दाराआड उभी राहिली. दीपानं पाणी घेतलं आणि मग सांगायला सुरुवात केली. वाक्यं तिनं वाटेत जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरली. तिनं सरळच सांगितलं. सत्यभामानं विष घेतलं नव्हतं. मी दिलेल्या गोळीनं तिचं रक्त आंबलं. मला ते वेळेवर ओळखता आलं नाही. तुम्ही डबी घेऊन आलात तेव्हा मला शंका आली होती, आणि मी बोलले नाही.

रामरावनं मान खाली घातली. दाराआडून त्याची बायको पुढं आली.

"मंग मी नाही मारलं न तिले?"

"नाही. तुम्ही नाही."

"मी बोलली होती तिले. ताट येगळं ठेव म्हणलं होतं. माह्ये लेकरं लहान हायेत, मले भेव वाटे." ती आणखी जवळ आली. "त्यानं नाही मेली न?"

"त्यानं नाही मेल्या. एका ताटात जेवून हा रोग होत नाही, हे मीच तुम्हाला आधी घरी येऊन सांगायला पाहिजे होतं."

ती खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. इतके दिवस ती रडली नसावी. मग डोकं वर करून म्हणाली, "हे बुढीले सांगा. मोठ्यानं सांगा, तिले कमी ऐकू येते."

मोठ्यानं सांगितलं तर शेजारी जाईल. दीपानं रामरावकडे पाहिलं. तो उठला, दार लोटून घेतलं आणि परत बसला. दीपा म्हातारीच्या घोंगडीशी गेली, वाकली आणि तिच्या कानाशी सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारीनं तोंड तिच्याकडे वळवलं. तिचे डोळे फार स्वच्छ होते.

"ते गोळ्या तू अजून देतं काय लोकाईले?"

"देते, आई. लहान करून देते."

"काहून?"

"नाही दिल्या तर सगळेच मरतात."

म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली. "माह्यी पोरगी चांगली झालती," ती म्हणाली. "आंग भरलं होतं तिचं." आणि तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

निघताना रामराव पारापर्यंत सोबत आला. लोकांसमोर तो मोठ्यानं म्हणाला, "दवाखान्यातल्या बाई हायेत. सत्यभामा पोटाच्या दुखण्यानं गेली, हे सांगाले आल्या. औषध नव्हतं घेतलं तिनं." पारावरच्या माणसांनी माना हलवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात किसनसिंग मेंदूच्या तापानं गेला. त्याला बेशुद्ध आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोमवारच्या त्या सभेनंतर आणखी चौघांनी दवाखान्यात येणं कायमचं सोडलं. त्यांच्यातलं कोण कुठं आहे ते तिला कधी कळलं नाही. ती सभा घेतली नसती तर किसनसिंग जगला असता का, हा विचार तिला पुष्कळ वर्षं मधूनच गाठायचा, आणि त्याच्या मागोमाग रुपीबाई आणि वच्छलाबाई आठवायच्या, आणि उत्तर मिळायचं नाही. वच्छलाबाई दुसऱ्या गोळ्यांवर तगल्या. बरं झाल्यावर दीपानं त्यांना खरं सांगितलं. त्या महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि मग एकदा ज्वारीच्या पापड्यांची पिशवी घेऊन आल्या.

तिनं सगळं लिहून पुण्याला पाठवलं. इतर ठिकाणच्या डॉक्टरांनाही तेच दिसत होतं. मोठ्या गोळीचा नियम पुढच्या वर्षी सगळीकडेच बदलला, आणि आणखी काही वर्षांनी ती लहान गोळीही हळूहळू बंद झाली. दीपाला ठिकठिकाणी बोलायला बोलावू लागले. ती जायची, आकडे दाखवायची. आधीचे आणि नंतरचे फोटो तिनं पुन्हा कधी दाखवले नाहीत.

लहान गोळीच्या जागी नव्या औषधाची पहिली खेप आली तेव्हा रुपीबाई पुसदहून सकाळच्या गाडीनं आली होती. तिच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. दीपानं नवी गोळी तिच्या हातावर ठेवली आणि सांगायला लागली. सुरुवातीला चक्कर येईल. वाईटसाईट स्वप्नं पडतील. ही गोळी कधी कधी मूत्रपिंडाला बाधते, म्हणून पायावर सूज आली, लघवी कमी झाली, तर लगेच यायचं.

"स्वप्नाले मी नाही भेत," रुपीबाई म्हणाली. "आनखी काय?"

"मला माहीत आहे ते एवढंच. माहीत नाही असंही काही असेल."

"ते कधी सांगसान?"

"दिसलं की त्याच दिवशी."

रुपीबाईनं डबी पिशवीत टाकली. तिला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून ती घाईनं उठली. दीपानं तिला थांबवलं, पुन्हा खुर्चीत बसवलं, आणि पुढं ताडून पाहायला आजचा आकडा हवा म्हणून, ती नको नको म्हणत असताना तिच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.